पांढऱ्या गाईचा फळा

मी एक जुना फळा आहे. म्हणजे आता अर्धाच उरलोय. चार फळ्यांचा होतो, त्यातल्या वरच्या दोन गेल्या. त्या कुठे गेल्या तेच तुम्हाला सांगायचंय, मित्रांनो. गोष्ट हसण्यासारखी नाही. मध्ये एक गाय येते, तिला तेवढं हसून घ्या.

पूर्व नेपाळात, झापाच्या सपाटीवर आमची छावणी. बांबूच्या झोपड्या, वर गवत, गवतावर प्लास्टिक. भूतानमधून हाकललेली, नेपाळी बोलणारी माणसं इथे राहायची. आधी ती माई नदीच्या काठावर उघड्यावर पडली होती. तिथे तापाने आणि हगवणीने किती लेकरं गेली ते मोजणारं कुणी नव्हतं. मग त्यांना इथे आणलं, थोडे दिवसांसाठी म्हणून. त्या थोड्या दिवसांची सतरा वर्षं झाली.

मला एका मोडक्या बैलगाडीतून काढलं. साल नावाच्या झाडाचं टणक लाकूड, चार फळ्या, मागून दोन आडव्या पट्ट्या, सोळा खिळे. रंग कुठून आणणार? टॉर्चचे संपलेले सेल फोडले, आतल्या काळ्या कांड्या वाटल्या, भाताच्या पेजेत कालवल्या आणि मला फासल्या. दोन उन्हं खाल्ल्यावर मी असा काळाभोर झालो की खडू नुसता टेकला तरी उमटायचा. लोक बघायला यायचे. फळा असावा तर असा, म्हणायचे. खरं सांगतो, तेव्हा मी जरा फुगलोच होतो.

खूप वर्षं माझ्यावर पाढे आणि बाराखडी चालली. मग एका वर्षी बातमी आली की लांबचे देश ह्या माणसांना घ्यायला तयार आहेत. एकेकाची मुलाखत होणार. घर का सोडलंत, सोडल्यावर काय वाटलं, असं विचारणार. तिथे दुभाष्या असायचा, नेपाळीत सांगितलं तरी चालायचं. पण छावणीत कुणीतरी पिल्लू सोडलं की जो इंग्रजीत बोलतो त्याची फाइल पटकन सुटते. खरं-खोटं कुणी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून माझ्यासमोर मोठी माणसं बसायला लागली.

शिकवायचे नरपती मास्तर. इंग्रजी त्यांनी रेडिओ ऐकून आणि कव्हर फाटलेल्या एका व्याकरणाच्या पुस्तकातून एकट्याने शिकलेलं. माणूस बारीक, आवाज मोठा. व्याकरणाची चूक झाली की त्यांना खरंच त्रास व्हायचा, दाढ दुखावी तसा.

माझ्या वरच्या दोन फळ्यांवर त्यांनी तीन वाक्यं लिहिली. आफ्टर आय लेफ्ट माय होम, आय फेल्ट व्हेरी सॅड. आय मिस्ड माय व्हाइट काउ. आय फेल्ट लाइक आय हॅड लॉस्ट माय मदर. म्हणजे घर सोडल्यावर मला फार वाईट वाटलं, माझ्या पांढऱ्या गाईची आठवण यायची, आई गेल्यासारखं वाटलं. पांढरी गाय मास्तरांची स्वतःची होती. उदाहरण सुचेना, तेव्हा त्यांनी आपलीच लिहिली.

ही वाक्यं ते कधी पुसायचे नाहीत. सगळ्यांनी घोकायची.

पुढे, अगदी माझ्या पायाशी तिलरूपा बसायची. अडुसष्ट वर्षांची. सगळे तिला बज्यै म्हणायचे, म्हणजे आजी. तिला वाचता येत नव्हतं, ती कानाने पाठ करायची. घरी ढिंडो, म्हणजे पिठाचा घट्ट उकड, घोटताना पळीच्या तालावर तीच वाक्यं, असं तिचा मुलगा खडानंद सांगायचा. तिला लेकासोबत, नातीसोबत जायचं होतं. बाकी देश कुठला, तिथे थंडी किती, ह्याच्याशी तिला घेणंदेणं नव्हतं. पण नवरा गेल्यापासून तिचं रेशनकार्ड वेगळं होतं, म्हणून फाइल वेगळी, मुलाखतही वेगळी. त्याचीच तिला भीती.

एकदा तिने मास्तरांना थांबवलं. "सर, मला गाय नव्हती. दोन बकऱ्या होत्या."

"बज्यै, तयार वाक्य मोडू नका. एक शब्द हलवलात की पुढचं सगळं विसराल. गायच राहू द्या."

मागून खडानंद म्हणाला, "घ्या आमा, सतरा वर्षांनी गाय मिळाली तुम्हाला."

सगळे हसले. तीही हसली. मग तिने विचारलं की हे आठवण यायची असं का म्हणायचं, आठवण तर अजून येते. मास्तरांनी समजावलं की घर सोडलं ते मागे झालं, म्हणून वाईट वाटलं तेही मागेच झालं पाहिजे. घरी खुशाल आठवा, साहेबासमोर ते संपलेलं असू द्या. बज्यैने मान डोलावली. मी फळा, मला काय बोलता येणार? पण माझ्यावर जे लिहिलेलं असतं ते खरंच असतं असं तोवर मला वाटायचं.

मुलाखतीचं मी खडानंदच्या तोंडून ऐकलं. बज्यैने न अडखळता तिन्ही वाक्यं म्हटली. साहेबाने पेन खाली ठेवलं आणि दुभाष्यामार्फत गाईचं नाव विचारलं. पांढऱ्या गाईचं नाव आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं. साहेब शांतपणे म्हणाला, ह्या आठवड्यात पांढरी गाय मागे ठेवून आलेल्या तुम्ही अकराव्या. मग त्याने जुनी नोंद उघडली. छावणीत आले त्या दिवशी तिच्या नवऱ्याने लिहून दिलं होतं: चाळीस संत्र्याची झाडं, दोन बकऱ्या. गाय नाही. ज्या बाईचं हे खोटं तिचं बाकीचं खरं कशावरून? फाइल बाजूला ठेवली.

बाकीच्या दहा जणांच्या घरी कधी ना कधी गाय होती, म्हणून ते निभावले.

त्या दुपारी मास्तर एकटेच आले. लोकरीची जुनी टोपी पाण्यात भिजवून त्यांनी मला घासलं. वाक्यं जाईनात. वर्षभर एकाच जागी गिरवलेली, खडू लाकडात उतरला होता. घासून घासून माझा काळा रंग निघाला, तरी अक्षरं दिसतच राहिली. मग ते माझ्याकडे पाठ करून बसले.

खडानंदची तारीख आली. तो जायला तयार नव्हता. पण आता नाही म्हटलं की फाइल परत सगळ्यात खाली, आणि नात सोळाची झालेली, तिचं शाळेचं वय निघून चाललेलं. बज्यैने सगळ्यांच्या कपाळाला टिका लावला, गळ्यातल्या कागदांच्या पिशव्या नीट केल्या. एवढंच म्हणाली, "जा. माझं मागून येईल." बस गेली. ती रडली नाही.

दुसऱ्या दिवशी ती येऊन आपल्या जागेवर बसली. मग रोजच यायची. वर्ग रिकामा होत गेला. दर आठवड्याला बस, दर आठवड्याला दोन-तीन जागा मोकळ्या. शेवटी ती आणि मास्तर दोघंच. मास्तरांची फाइल कधीच सुटली होती, पण ते तारीख पुढे ढकलत राहिले. गाय माझी होती, चूक माझी आहे, असं लिहून त्यांनी कार्यालयात अर्ज दिला. तिथले लोक वाट पाहा म्हणाले.

एका दुपारी मास्तरांनी तिला पहिल्यांदा आपल्या भाषेत विचारलं, की बज्यै, खरं काय वाटलं होतं तेव्हा?

ती म्हणाली, "वाईट नाही वाटलं, सर. भूक लागली. ट्रकात नुसती भूक. आणि लाज. आपल्या खुशीने देश सोडतो अशा कागदावर शिपायांनी अंगठा घेतला, फोटो काढताना हसा म्हणाले, आणि मी हसले. बकऱ्या बांधलेल्याच राहिल्या. दोरी सोडायचं सुचलं नाही. वाटभर तेच डोक्यात. वाईट वाटलं ते इथे आल्यावर, माई नदीवर, माझी धाकटी लेक गेली तेव्हा. ते तिचं होतं का घराचं, मला वेगळं काढता येत नाही."

मास्तरांच्या हातात खडू होता. त्यांनी काही लिहिलं नाही. हे सगळं ते दुसऱ्या अर्जात लिहून देऊन आले. पुन्हा वाट पाहा.

ती चौदा महिने वाट बघत होती. भाद्रपदात ताप आला आणि पाचव्या दिवशी बज्यै गेली.

जंगलातलं लाकूड तोडायला बंदी. चितेसाठी मिळालं ते ओलं, आणि कमी. मास्तर वर्गात आले, हातात पहार. माझ्या वरच्या दोन फळ्यांत त्यांनी ती घातली आणि जोर लावला. खिळे ओरडले. मलाही दुखलं, मित्रांनो, पण सालाचं वाळलेलं लाकूड त्या दिवशी छावणीत दुसरं नव्हतं. नदीवरून परत आलेले लोक सांगत होते की ओली लाकडं नुसती धुमसत होती, पेट घेतला तो त्या दोन फळ्यांनी. खडानंद फोनवर होता. लाकूड पुरलं का, एवढंच विचारत होता. मास्तर म्हणाले, पुरलं. अग्नी त्यांनीच दिला.

पुढच्या वर्षी तेही बसने लांबच्या देशी गेले. मी एका चहावाल्याच्या टपरीत आलो. माझ्यावर पेले ठेवतात, कडेला बकरी अंग घासते. घासू दे. तिच्या गळ्यात दोरी असते आणि संध्याकाळी कुणीतरी ती न विसरता सोडतं, तेवढं मी रोज बघतो.

मित्रांनो, मला धुऊन पुसून ठेवा असं मी म्हणणार नाही. माझं काय, लाकूड आहे. पण घर सोडून आलेलं कुणी तुमच्या वर्गात, तुमच्या गल्लीत आलं तर त्याला काय वाटलं ते विचारा आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. ते मोडकंतोडकं बोलेल, मध्येच थांबेल, नको तिथे हसेल. सुधारू नका. त्याच्या बकऱ्या होत्या म्हणाला, तर बकऱ्याच राहू द्या.