पाऱ्याचं तीर्थ

पाऱ्याला गंधकाची भारी ओढ. गंधक भेटला की त्याला बिलगतो, मग सोडता सोडत नाही. शिवलीलाचं सगळं संशोधन या ओढीवर उभं होतं. अंगात भिनलेला पारा पकडून लघवीवाटे बाहेर काढेल असा, गंधकाचे दोन हात असलेला रेणू तिला घडवायचा होता. परीक्षानळीत तो पारा झकास धरायचा. उंदरांत मात्र रक्तातला पारा उचलून थेट मेंदूत नेऊन सोडायचा. म्हणजे चोर पकडायचा आणि तिजोरीच्या खोलीत नेऊन ठेवायचा, असला शहाणा शिपाई!

त्यातच तिच्या आईचे हात थरथरायला लागले.

आधी कप निसटले, मग भाकरी थापता थापता मोडायला लागली. दवाखान्यात तपासणीत पारा निघाला. डॉक्टरांनी औषध लिहून दिलं आणि शिवलीलाला विचारलं, "तुम्ही प्रयोगशाळेत नेमकं कशावर काम करता?"

त्या दिवसापासून एकच भीती तिची पाठ सोडेना. आपणच तो ओढणीला, चपलेला लावून घरी आणला. तिनं कपडे टाकले, चपला टाकल्या. तरी धीर होईना, म्हणून वसतिगृहात राहायला गेली. आईशी बोलणं फक्त फोनवर. आणि पुढच्या तपासणीत पारा वाढलेलाच! शिवलीला हादरली. मी घरात नाही, तर येतो कुठून?

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती न कळवता घरी गेली. आई, गौरम्मा, देवघरात होती. समोरच्या वाटीत, दही-मधात बुडालेलं, चांदीसारखं लखलखणारं लिंग. गौरम्मानं ते बाहेर काढलं आणि वाटी ओठांकडे नेली.

शिवलीलानं झडप घालून वाटी हिसकली. "अव्वा, हे कशाचं हाय?"

"पाऱ्याचं," गौरम्मा चाचरत म्हणाली. "गड्ड्याच्या जत्रेतनं आणलं. तू पाऱ्याच्या मागं लागलीस न्हवं? म्हटलं, पाऱ्याच्याच देवाला साकडं घालावं. लेकीचं औषध होईपतूर रोज ह्येचं तीर्थ घेईन म्हणून बोलले. रातभर भिजत ठेवते की."

"मला सांगितलं का न्हायस?"

"नवस कुणी सांगत फिरतं व्हय?"

आपण पारा आणला नव्हता. शिवलीलाला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच कळलं की आईनं तो आणला आपल्यापायीच. तिला राग आला, रडूही आलं.

"आजपासनं बंद. ह्यानंच तुझे हात थरथरतात."

"देव कुणाला बाधतो व्हय? आन् शब्द दिलाय मी. तुझं औषध झालं की थांबते."

औषधाला वर्षं लागणार होती. कदाचित ते होणारही नव्हतं. आईजवळ तेवढा वेळ नव्हता. लिंग उचलून नेलं तर ती दुसरं आणेल. हट्टात गौरम्माचा हात धरणारं तिच्या माहेरी मंद्रूपातही कुणी नव्हतं.

"झालं," शिवलीलाच्या तोंडून निघून गेलं. "औषध झालं, अव्वा. त्येच सांगायला आले."

गौरम्माचा चेहरा उजळला. तीर्थाला धरतात तसा थरथरता तळहात तिनं पुढं केला. "मग पैला डोस मला दे."

तो रेणू दिल्यावर कुशीवर पडून पाय झाडणारे उंदीर शिवलीलाच्या डोळ्यांपुढं आले. ती स्वयंपाकघरात गेली. फळीवर दवाखान्याच्या कॅप्सूलची बाटली होती, जवळजवळ भरलेली. कुजक्या अंड्याचा वास येतो म्हणून गौरम्मा ती टाळत होती, हे आत्ता कळत होतं. तिनं एक कॅप्सूल काढून आईच्या तळहातावर ठेवली.

गौरम्मानं ती नाकाशी नेली. "वास तर त्याच गोळीचा हाय."

आता ही फेकणार, शिवलीलाला वाटलं, आणि उद्या पुन्हा वाटी तोंडाला लावणार.

गौरम्मा लेकीच्या तोंडाकडं बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "तुझी हाय म्हन. एकडाव म्हन. म्हंजे माझा शब्द मोडत न्हाय."

"माझीच हाय, अव्वा."

गौरम्मानं कॅप्सूल गिळली, लिंग पुसून फडक्यात बांधलं आणि लेकीच्या हातात दिलं. एवढंसं ते, पण शिवलीलाला दोन्ही हात लावावे लागले.