‘तसल्या’ व्हिडिओंची प्रश्नावली

मी एक जुनी प्रश्नावली आहे. एकच कागद, तोही प्लॅस्टिकमध्ये कायमचा बंद केलेला. मित्रांनो, शाळेत असताना तुम्ही फळ्याची, छत्रीची, फाटक्या पुस्तकाची आत्मवृत्तं लिहिली असतील. माझं लिहायला कोणत्याही बाईंनी सांगितलं नसणार, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. माझा विषय चारचौघांत काढण्याजोगा नाही. आता तुम्ही मोठे झालात, तेव्हा सांगते. इंटरनेटवरच्या अश्लील चित्रफिती पाहण्याची सवय एखाद्याच्या हाताबाहेर गेली आहे का, याचा मी अंदाज घेते. लोक त्यांना ‘तसले व्हिडिओ’ म्हणतात, तेही आवाज खाली आणून.

माझा जन्म विद्यापीठातल्या एका अरुंद खोलीत झाला. मानसशास्त्राच्या एक प्राध्यापिका माझ्या आई. बाई मोठ्या काटेकोर. त्यांनी आधी ढीगभर वाक्यं लिहिली आणि मग एकेकाला कात्री लावली. एखादं वाक्य लोकांना कळायचं नाही, एखाद्याने लोक चिडायचे, एखाद्याला सगळे एकच उत्तर द्यायचे. शेकडो लोकांकडून त्यांनी मला भरून घेतलं, काही दिवसांनी त्याच लोकांकडून पुन्हा भरून घेतलं आणि उत्तरं जुळताहेत ना ते पाहिलं. शेवटी माझ्या अंगावर अठरा वाक्यं उरली. ‘सोडायचं ठरवूनही मला सोडता येत नाही.’ ‘यापायी माझी कामं राहतात.’ ‘पाहिल्यावर मला स्वतःची लाज वाटते.’ प्रत्येक वाक्यापुढे पाच चौकोन, ‘कधीच नाही’पासून ‘नेहमी’पर्यंत. खुणांचे गुण मोजायचे आणि बेरीज ठरलेल्या मर्यादेच्या वर गेली तर त्या माणसाशी सविस्तर बोलायचं, एवढंच माझं काम. परिषदांमध्ये माझं कौतुक झालं. त्या दिवसांत माझे पाय जमिनीवर नव्हते. तसे मला पायच नाहीत म्हणा.

पुढे मी एका समुपदेशन केंद्रात कामाला लागले. दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत बाक, आतल्या खोलीत टेबल आणि तीन खुर्च्या. केंद्र चालवणाऱ्या समुपदेशक बाईंना सगळे ताई म्हणायचे, म्हणून मीही ताई म्हणते. कोणाची भरलेली उत्तरं कपाटात राहून भलत्याच्या हाती लागू नयेत म्हणून ताईंनी मला प्लॅस्टिक चढवलं. लोक पुसता येणाऱ्या पेनाने खुणा करत. ताई बेरीज मांडून घेत आणि ओल्या फडक्याने मला स्वच्छ करत.

किती तऱ्हेची माणसं पाहिली! कोणी मला छातीशी धरून भरायचा, जणू परीक्षेत शेजारचा कॉपी करणार आहे. कोणी सांगायचा, ‘माझ्या एका मित्राला त्रास आहे हो,’ आणि मित्राच्या वतीने घाम पुसायचा. बायकाही येत. त्या आधी दार लागलंय ना ते दोनदा बघत. पुष्कळजण डोळे मिटून मधला चौकोन पकडत, ‘कधी कधी’. त्यात माणूस कुठेच सापडत नाही.

एकदा एक विक्रेता आला. घरोघर पाणी शुद्ध करायची यंत्रं विकणारा, बोलघेवडा गडी. लाजेची सगळी वाक्यं त्याने हसत हसत उडवून लावली. “लाज कसली त्यात?” म्हणाला आणि ‘कधीच नाही’वर खुणांची रांग लावली. कामं राहतात आणि सोडता येत नाही, या दोन वाक्यांपुढे मात्र त्याने ‘नेहमी’ केलं होतं. बेरीज मर्यादेच्या बरीच खाली आली. बाहेर बाकावर गर्दी होती. ताईंनी बेरीज पाहिली आणि म्हणाल्या, “निर्धास्त राहा.”

काही महिन्यांनी तो परत आला तेव्हा हसू मावळलं होतं. गिऱ्हाइकं दारात वाट बघत असायची आणि हा रस्त्याच्या कडेला गाडी लावून फोनमध्ये डोकं घालून बसलेला असायचा. नोकरी गेली होती. ताईंना एवढंच म्हणाला, “ताई, तुम्हीच तर मला पास केलं होतंत.”

ताईंना ते फार लागलं. त्यांनी लगेच माझ्या आईला, म्हणजे प्राध्यापक बाईंना फोन लावला. बाई म्हणाल्या, “अगं, ती चाळणी आहे. कोणाशी आधी बोलायचं ते कळावं म्हणून केलेली. निकाल लावायला नाही केली मी.” तेव्हापासून ताई बेरीज सर्वांत शेवटी करू लागल्या. आधी कोणती खूण कोणत्या वाक्यापुढे आहे ते वाचायच्या, आणि मग समोरच्याला विचारायच्या. विक्रेता मात्र पुढे कितीतरी दिवस नेमाने येत राहिला.

आणि मग ते जोडपं आलं. त्यांच्यासाठीच मी हे सगळं सांगायला घेतलं.

नवरा चष्म्याच्या दुकानाचा मालक, बायको बालवाडीत शिकवणारी. आठवड्यापूर्वी त्याने तिला अचानक सांगितलं होतं, की मी व्यसनी आहे, तसले व्हिडिओ पाहतो, तुझ्यासोबत राहायची माझी लायकी नाही. गावाच्या दुसऱ्या टोकाला भाड्याची खोलीही बघून ठेवली होती. बायकोने हट्टाने त्याला इथे ओढून आणलं होतं. खुर्चीत बसता बसता तो म्हणाला, “हे एकदा मोजून टाका. नंबर वर आला तर मी आजच सामान हलवतो. हिच्या डोक्याला ताप नको.”

त्याने मला भरलं ते पेन मोडेल इतक्या जोराने. ‘नेहमी’, ‘नेहमी’, मधेच एखादं ‘कधीच नाही’, पुन्हा ‘नेहमी’. मान खाली, कान लाल. बेरीज न करताही दिसत होतं की आकडा मर्यादेच्या पार वर गेला आहे. बायकोनेही ते पाहिलं आणि पर्सचा पट्टा घट्ट धरला.

ताईंनी विचारलं, “किती वेळा पाहता?”

“महिन्यातून एकदा. एखाद्या महिन्यात दोनदा.”

“किती वेळ?”

“दहा-पंधरा मिनिटं. पण नंतर दोन दिवस घशाखाली घास उतरत नाही.”

“कधी दुकान बंद राहिलं त्यापायी? काम खोळंबलं?”

“नाही हो, तसं कधीच नाही.”

“थांबायचं ठरवलं तर थांबता येतं?”

“गेल्या वर्षी कितीतरी महिने पाहिलंच नव्हतं. पण मनात यायचं ना! चांगल्या माणसाच्या मनात येतं का असलं?”

ताईंनी मला टेबलाच्या मधोमध ठेवलं, बोट पाण्यात बुडवलं आणि त्या दोघांसमोर एकेक खूण पुसायला लागल्या. “ही लाजेची. ही घरात कळेल या भीतीची. ही तुम्ही स्वतःला वाईट समजता त्याची.” बोट खाली खाली सरकत गेलं. शेवटी माझ्या अंगावर मोजक्या खुणा राहिल्या, त्याही बहुतेक ‘कधीच नाही’ आणि ‘क्वचित’च्या चौकोनांत.

“म्हणजे मला काहीच झालेलं नाही?”

“झालंय. लाज हा काही लहान त्रास नाही, त्यावर आपण बोलूच. पण सवय हाताबाहेर गेलीय असं मला यात दिसत नाही.”

तो ऐकेना. “पण नंबर तर आला ना, ताई. माझा सगळा जन्म नंबर काढण्यात गेलाय.”

तेव्हा बायको पहिल्यांदा बोलली. “यंत्रावर आकडा आला की तू लगेच चष्मा करून देतोस का रे? आधी माणसाच्या डोळ्यांवर काच चढवतोस आणि विचारतोस, नीट दिसतंय का. स्वतःला विचारलंस कधी?”

ती थांबली नाही. “आणि मला कोणी विचारणार आहे का? तू ते पाहतोस याचं मला वाईट वाटतं. ताईंनी पुसलं म्हणून ते जाणार नाही. त्यावर आपण भांडू, घरी बसून, चांगलं कडकडून भांडू. पण वर्षभर तू बाहेरच्या खोलीत झोपतोयस. मला वाटलं, मीच नकोशी झाले. मी आरशासमोर उभी राहून शोधायचे, माझं काय बिघडलं म्हणून.”

“तुला सांगितलं असतं तर तू सोडून गेली असतीस.”

“आणि तूच निघाला होतास ना सोडून!”

तो माणूस रडला, मित्रांनो. ताईंनी ताज्या पाण्याचा पेला पुढे केला, तो बायकोने घेतला आणि त्याच्या हातात दिला. मग त्याने तिथूनच खोलीच्या मालकाला फोन केला आणि जागा नको असल्याचं कळवलं. पुढे दोघं बरेच दिवस ताईंकडे येत होते. एकदा तर भांडतच जिना चढले, आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

आता माझी जागा टॅबलेटने घेतली आहे. माझीच वाक्यं त्यात आहेत. शेवटची खूण झाली की बेरीज आपोआप होते आणि पडदा हिरवा किंवा लाल होतो. मी ताईंच्या खणात स्टेपलर आणि जुन्या किल्ल्यांशेजारी पडून असते. कामाला कोणी हाक मारत नाही याचं वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू? पण खरी काळजी वेगळीच आहे. माझी वाक्यं आता कोणाच्याही फोनवर सापडतात. माणूस घरी, दार लावून, एकटाच ती भरतो. पडदा लाल झाला की त्याच्यासमोर पाण्यात बोट बुडवणारी ताई नसते. पडदा हिरवा झाला, तर त्याला पुढे काही विचारणारं कोणी नसतं.

म्हणून एक विनंती करते. मला जरूर भरा, खरं खरं भरा, पण आकडा घेऊन एकटे बसू नका. तो जाणत्या माणसाकडे न्या आणि त्याला पुढचे प्रश्न विचारू द्या. आणि तुमच्या घरात कोणी काही न सांगता बाहेरच्या खोलीत झोपायला लागलं असेल, तर वर्षभर आरशात स्वतःचे दोष शोधत राहू नका. आजच त्या खोलीचं दार वाजवा.