शून्य वर्षांचे रुग्ण

आमच्या रुग्णालयाच्या संचालकांना एक खोड आहे. अहवालातली एकच ओळ वाचायची आणि तिच्यावरून निकाल लावून मोकळं व्हायचं. या वेळी गदा आली ती पक्षाघाताच्या रुग्णांना पुन्हा बोलायला शिकवणाऱ्या वाचावर्गावर. माझा मामा त्याच वर्गात जातो. एके काळी समोरच्याला तोंड उघडू न देणारा हा माणूस. पक्षाघातानंतर पाणीसुद्धा खुणेनं मागायला लागला होता.

वर्गाच्या अहवालातली आकडेमोड माझी होती. वर्गाचा फायदा वयानुसार बदलतो का, हे पाहायला मी समीकरणात वर्ग आणि वय यांचा गुणाकार घातला होता. तो घातला की ‘वर्ग’ या ओळीपुढचा आकडा सगळ्यांचा राहत नाही, फक्त शून्य वय असलेल्यांचा उरतो. संचालकांनी नेमका तोच उचलला.

“फायदा जवळजवळ नाहीच. वर्ग बंद करा, खोली एक्स-रेला द्या.”

“साहेब, हा आकडा तान्ह्या बाळांचा आहे! आपल्या वर्गातला सगळ्यात लहान माणूस पन्नाशीचा आहे.”

ते हसले. मला हसू येत नव्हतं. तिथेच लॅपटॉप उघडून मी वयाची मोजणी शून्याऐवजी पासष्टपासून धरली. त्याच ओळीत आता चांगला घसघशीत फायदा दिसत होता.

“म्हणजे तुम्हाला हवा तो आकडा आणता येतो तर!”

“समीकरण तेच आहे, साहेब. प्रश्न तेवढा बाळाऐवजी पासष्टीच्या माणसाबद्दल विचारलाय.”

“आणि तुमच्या मामांचं वय काय हो?”

अंगाची नुसती लाही लाही झाली. इतकी वर्षं या माणसाचे घोळ मी निस्तरले आणि आज मीच लबाड! शून्य वर्षांचा रुग्ण यांना पटतो, मी पटत नाही. “अहवालावरून माझं नाव काढा,” मी म्हटलं. त्यांनी आनंदानं काढलं आणि अहवाल तसाच वर मंजुरीला पाठवला.

मामाला सांगायचा धीर झाला नाही. कोणीतरी वर शहाणं असेल, अडवेल, अशी वेडी आशा होती. सोमवारी त्याला घेऊन गेले तर वर्गाला कुलूप.

मामानं ते कुलूप हातात घेऊन पाहिलं. मग ओठ जुळवत, एकेक शब्द ओढून काढत तो म्हणाला,

“आज... मी... बोलणार... होतो.”