चिन्नोर, आहेस का?

मंडईच्या दिवशी गावाच्या हवेत नक्की काय काय चाललेलं असतं, हे मला ऐकायचं होतं. ढोलक्या, भोंगे आणि पिपाण्या सगळ्यांनाच ऐकू येतात. मला न ऐकू येणारं हवं होतं. दिवाळी झाली की आमच्या सानगडीत मंडई, म्हणजे गावजत्रा, भरते, बाहेर नोकरीला गेलेले परत येतात, घरोघरी पाहुणे उतरतात, आणि हल्ली निम्म्यांच्या खिशात वायफायचा फोन असतो. बी.एस्सी. संपवून मी साकोलीच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं तर त्याच्या वायरलेस कार्डाला ‘तू बोलू नको, नुसतं ऐक’ असं सांगता येतं, हे मला त्याच आठवड्यात कळलं होतं. म्हणून आई आत रश्श्याचा मसाला वाटत होती आणि मी ओसरीत बसून हवा ऐकत होते.

यात मजा अशी, की मशीन एकदा एखाद्या नेटवर्कला जोडलं की त्याचं प्रोफाइल करून ठेवतं. नाव, सुरक्षेचा प्रकार, पासवर्ड. पुढच्या वेळी कोणाला विचारावं लागत नाही. राउटर साधारणपणे स्वतःच आपलं नाव सांगत असतो आणि मशीन ते ओळखतं. पण राउटरला नाव लपवायला सांगितलेलं असेल, तर मशीनलाच हाक मारावी लागते, की अमुक, आहेस का? आपण घरापासून किती लांब आलो हे त्या बिचाऱ्याला कळत नाही. ते बसस्टँडवर, रेल्वेत, परक्या गावात, सगळीकडे हाका मारत फिरतं.

पडद्यावर ओळी सरकत होत्या. कोणाचा फोन पुण्यातलं हॉस्टेल मागत होता, तर कोणाचा हैदराबादचं एखादं ऑफिस. मी एकटीच हसत होते. मग एक ओळ आली आणि माझा हात मुरमुऱ्याच्या वाटीतच राहिला.

चिन्नोर.

चिन्नोर म्हणजे आमच्या बांधीतला, धानाच्या शेतातला वासाचा तांदूळ, आणि आमच्या घरच्या नेटवर्कचं नाव. म्हणजे एके काळचं. माझे बाबा, आनंदराव रामटेके, गावच्या शाळेत मास्तर. तीन वर्षांपूर्वी त्यांनी ब्रॉडबँड घेतलं आणि राउटर मी बसवला. नाव बाबांनी ठेवलं, ते लपवायची अटही त्यांचीच, कारण आपल्या भिंतीशी गर्दी व्हावी असं त्यांना वाटत नव्हतं. पासवर्ड माझा, प्रकाशाचा वेग, मीटर प्रति सेकंद, सलग नऊ आकडे. मागच्या वर्षी धानाच्या रोवणीच्या दिवसांत परसातल्या जांभळीवर वीज पडली आणि राउटर जळाला. बाबांनी तो फेकू दिला नाही. धुतलेल्या दुपट्ट्यात गुंडाळून कपाटावर ठेवला. त्यांच्या मते तो नुसता बेशुद्ध होता. पण चिन्नोर नावाचं नेटवर्क त्यानंतर गावात नव्हतं, हे नक्की.

त्याचं प्रोफाइलही तीनच मशीनांत होतं. बाबांचा कॉम्प्युटर त्याच विजेने गेला. दुसरं मशीन माझ्या मांडीवर गप्प बसून ऐकत होतं. तिसरं संघपालचं.

संघपाल गजभिये हा शेजारच्या धुरपताकाकूंच्या बहिणीचा मुलगा. बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करायला तो वर्षभर मावशीकडे राहिला होता. आमच्या आणि त्यांच्या अंगणात एकच भिंत, तेव्हा नेटही आमचंच. त्याच्या लॅपटॉपवर प्रोफाइल मी टाकून दिलं. पासवर्ड कशाचा ते सांगितल्यावर तो म्हणाला होता, “एवढा वेग लिवला, मंग नेट काऊन असं सरपटून राहिलं?” त्यानंतर वर्षभर आम्ही त्या भिंतीवरून भांडलो. विषय कुठलाही चालायचा. नोकरी लागून तो नागपूरला निघाला, तेव्हा भिंतीला टेकून बराच वेळ उभा राहिला आणि शेवटी म्हणाला, की हे प्रोफाइल काढून टाकू का. मी पुष्कळ विचार केला आणि म्हटलं, राहू दे, जागा फार खात नाही.

दोन वर्षं मी त्या वाक्याला शिव्या घालत होते.

तर संघपाल आला होता. काल रात्रीच्या गाडीने आला असणार, आणि हे मला माणसांच्या आधी लॅपटॉपने सांगितलं. मी उठले, स्वयंपाकघरात गेले, तिथून परसात गेले, परत आले. आईला वाटलं घरात विंचू निघाला. तिला मी काही नाही म्हटलं आणि पुन्हा पडद्यासमोर बसले. पुन्हा तीच ओळ. चिन्नोर, आहेस का? मग थोड्या वेळाने पुन्हा. माझ्या छातीत ढोलकी वाजत होती आणि ती मंडईतली नव्हती.

इथं माझ्या शिक्षणाने मला पकडलं. लॅपटॉप आठवण ठेवतो म्हणजे माणूस ठेवतो असं होत नाही. जुनी प्रोफाइलं कोण पुसत बसतं? पुरावा म्हणून त्या ओळीची किंमत शून्य होती. मी तसं स्वतःला बजावलं, आणि तेवढ्यात भिंतीवर धुरपताकाकूंचं डोकं आलं. त्यांना आमचं मोठं गंज, म्हणजे पातेलं, हवं होतं, मटण वाढलं म्हणून. का वाढलं तेही त्यांनी सांगितलं. लाखांदूरचे देवाजी खोब्रागडे मंडईच्या निमित्ताने येत होते, मुलगी नर्स होती, तिचा फोटो त्यांनी ई-मेलने पाठवला होता आणि तो ते संघपालच्या लॅपटॉपवर सगळ्यांसमोर उघडायला लावणार होते.

“तो हो म्हनला तं आजच पक्कं करून टाकतो,” काकू म्हणाल्या. “हे पोट्टं दोन वर्षांपासून नुसतं पाहू पाहू करून राहिलं. कायची वाट पाहते, त्याले मालूम.”

मी गंज दिलं. झाकण द्यायचं विसरले.

मला फोटो उघडायच्या आत कळायला हवं होतं. भिंतीपलीकडे जाऊन सरळ विचारता आलं असतं. पण पाहुण्यांसमोर विचारलेल्या प्रश्नाला माणूस सभ्य उत्तर देतो. मशीन सभ्य नसतं. मी ठरवलं, प्रयोग करायचा.

विचार असा होता. संघपालच्या लॅपटॉपवर विंडोज. त्यात प्रोफाइलं पसंतीच्या क्रमाने लागतात आणि नवीन जोडलेलं नेटवर्क आपोआप सगळ्यात वर जाऊन बसतं. दोन वर्षांत त्याने खोलीवरचं जोडलं असणार, मित्रांची जोडली असणार, आता फोनचं. चिन्नोर केव्हाच तळाला गेलेलं असणार. शिवाय विंडोज चालू नेटवर्क उगाच सोडत नाही. त्या चालू नेटवर्कच्या प्रोफाइलवर मुद्दाम एक खूण करावी लागते, की याहून पसंतीचं सापडलं तर याला सोडून तिकडे जा. ती खूण आपोआप होत नाही. म्हणून आत्ता मी चिन्नोर पुन्हा चालू केलं, तर त्याच्या लॅपटॉपने ढुंकून पाहायला नको. पाहिलं, तर दोन गोष्टी कोणीतरी हाताने केलेल्या आहेत.

माझ्या फोनला हॉटस्पॉट करता येत होतं. नाव टाकलं चिन्नोर, सुरक्षा तीच, पासवर्ड प्रकाशाचा वेग. फोनचा नेटपॅक आदल्या दिवशीच संपला होता, पण मला नेट द्यायचं नव्हतं, फक्त दार उघडायचं होतं. बटण दाबण्याआधी मी भिंतीपलीकडचा कानोसा घेतला. देवाजी आले होते. खुर्च्या ओढल्याचा आवाज आला, जय भीम झाले, पाण्याचे गिलास फिरले. संघपाल सांगत होता, फोनचं नेट आहे, जरा हळू उघडते.

मी बटण दाबलं आणि पडदा माझ्याकडे करून फोन भिंतीवर ठेवला, तुळशीच्या नाही, काकूंच्या पुदिन्याच्या डब्यामागे.

काही झालं नाही. अर्थात. हेच अपेक्षित होतं. मी स्वतःला म्हटलं, बघ, निकाल स्पष्ट आहे, आता जाऊन आईला मदत कर. भिंतीजवळून माझे पाय काही उठले नाहीत. पलीकडून देवाजींचा मोठा आवाज आला, की कपाळ आलं, कपाळ आलं, आता डोळे येतील. फोटो वरून खाली उलगडत होता.

मग माझ्या फोनच्या पडद्यावर आलं: एक उपकरण जोडलं. संघपाल-पीसी.

मी हातातले मुरमुरे वाटीसकट सांडले.

पलीकडे देवाजी डोळ्यांची वाट पाहत होते. फोटो कपाळावर थांबला होता. काकू म्हणाल्या लाइन गेली काय, कोणीतरी म्हणालं लॅपटॉप जरा हलवा. संघपालने पडद्याच्या कोपऱ्यातलं नाव वाचलं असणार, कारण त्यानंतर खुर्ची मागे पडल्याचा आवाज आला.

“काकाजी, माफ करा,” तो म्हणाला. “नेट शेजारी गेलं.”

आणि तो आमच्या फाटकातून आत आला. उघडा लॅपटॉप त्याने दोन्ही हातांवर धरला होता, काठोकाठ भरलेलं गंज आणावं तसा. मागून काकू, हातात पळी. त्यांच्यामागून देवाजी, उंच, पांढऱ्या सफारीतले, भांबावलेले. आवाजाने बाबा बाहेर आले आणि त्यांनी आधी लॅपटॉपच्या पडद्यावरचं चिन्नोर वाचलं, मग आमच्याकडे पाहिलं, मग धावत आत जाऊन दुपट्ट्यातला राउटर घेऊन आले.

“मी का म्हनत होतो?” ते म्हणाले. “शुद्धीवर आला.”

मी त्यांना राउटरची लोंबणारी वायर दाखवली. ते जरा खट्टू झाले, पण त्यांनी राउटर खाली ठेवला नाही.

संघपाल माझ्यासमोर उभा होता. दोन वर्षांत त्याला मिशी आली होती आणि ती त्याला शोभत नव्हती. मला एवढं हसू येत होतं, की प्रश्न विचारायला दात आवळावे लागले.

“वर कोनी सरकवलं?”

“मी.”

“नवीन नेटवर्क जोडलं की ते वर येते. मंग हे खाली जाते.”

“जाते ना,” तो म्हणाला. “मंग मी पुन्हा वर आनतो.”

“दरवेळी?”

“दरवेळी. अन् बाकीच्याईवर खूण करून ठेवतो, का हे दिसलं तं त्याईले सोड. फोनचं कालच जोडलं, त्याच्यावर बी केली.” मग तो हळूच म्हणाला, “तूच म्हनली होती, जागा खात नाई.”

काकूंनी पळी खाली केली. त्यांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग भिंतीवरच्या पुदिन्याच्या डब्याकडे. प्रोफाइल म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण बाकी सगळं त्यांना कळलं.

“दोन वर्षं मी याच्यासाठी गावोगाव हिंडून राहिली,” त्या आईला म्हणाल्या, कारण आई आता दारात आली होती, “अन् हे पोट्टं भिंतीले कान लावून बसलं होतं. तुळसाबाई, च्या ठेवा. झाकनही द्या गंजाचं.”

देवाजी मधे उभेच होते. मला त्यांचं फार वाईट वाटलं. त्यांनी घसा साफ केला आणि मास्तर म्हणून बाबांना उद्देशून सांगितलं, की जे झालं ते झालं, पोरगी नोकरीवर आहे, तिला काही कमी नाही. पण लाखांदूरवरून ते एवढ्या लांब आले होते.

“फोटो तं पुरा उघडा,” ते म्हणाले. “कपाळापासून कोनी मानूस पाह्यते का?”

हे सगळ्यांनाच पटलं. पण फोटो पुरा उघडायला लॅपटॉपने संघपालच्या फोनकडे परत जायला हवं होतं, आणि मी चिन्नोर चालू ठेवलं तोवर तो जाणार नव्हता. मी फोन हातात घेतला. बंद करायला जीव होत नव्हता. शेवटी केलं. लॅपटॉप क्षणभर गोंधळला आणि मुकाट्याने संघपालच्या फोनच्या नेटवर्कला लागला. कपाळाखाली डोळे आले, मग नाक, मग पांढरा कोट आणि फार छान हसू. आईने विचारलं ही कुठल्या दवाखान्यात असते, आणि देवाजी अंगणात खुर्चीवर बसून, दवाखान्याचाही फोटो उघडायला लावून खुशीत सांगायला लागले. बाबांनी त्यांच्यासमोर अनारसे ठेवले.

ओसरीत माझा लॅपटॉप अजून ऐकत होता. संघपाल त्याच्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला हे काय आहे. तेवढ्यात ओळ आली. चिन्नोर, आहेस का?

मी त्याला सांगितलं, की लपवलेलं नेटवर्क असलं की मशीनला मोठ्याने नाव घ्यावं लागतं. तू जिथे जिथे लॅपटॉप उघडलास, तिथे तिथे याने घेतलं. खोलीवर, बसमध्ये, बँकेत.

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “बँकेतही?”

“बँकेत तू लॅपटॉप नेतो का?”

“डबा खायच्या सुट्टीत.” त्याने पडद्यावरून मान वर केली. “म्हनजे मॅनेजरसमोर?”

“ज्याले ऐकू येते, त्याच्यासमोर.”

“अन् आता?”

मी पडदा त्याच्याकडे वळवला. ओळ पुन्हा आली. मी फोन पुढे केला, हॉटस्पॉटचं बटण त्याच्यासमोर धरलं आणि या वेळी त्याला दाबू दिलं.

अंगणातून देवाजींचा आवाज आला, की बापा, नेट पुन्हा गेलं.