वाघरीबाहेरची गोष्ट

आपल्या बापाच्या, तात्याबांच्या मेंढरांना कुणी नावं ठेवली तर उत्कर्षाला खपत नसे. सांगलीच्या कॉलेजात आली त्याच आठवड्यात वसतिगृहातल्या साक्षीनं, पलूसकडच्या एका बागायतदाराच्या मुलीनं, नाक मुरडून विचारलं होतं, "म्हणजे तुम्ही मेंढरांमागं गावोगाव फिरता?" उत्कर्षा म्हणाली, "फिरतो की. तुमच्या उसाच्या रानाला कस येतो तो कुणामुळं, हे घरी गेलीस की वडिलांना विचार." साक्षीनं खरंच विचारलं, आणि परत आली ती मैत्रीण होऊनच. माणच्या माळावरून आलेली ही पोरगी तशी कुणाच्या बापाला ऐकणारी नव्हती. आपला बाप सोडून.

अशी ताठ मानेची पोर तापानं आडवी झाली. ताप तरी कसला, चोरपावलांचा! सकाळी उठावं तर अंग थंड, दुपारनंतर कणकण, आणि रात्री चादर पिळून काढावी इतका घाम. गुडघे आणि मनगटं ठणकत. तिनं ते बरेच दिवस अंगावर काढलं. मेंढरं काही माणसाच्या तापासाठी थांबत नाहीत, त्यामुळं धनगराच्या घरात दुखणं अंगावरच काढायची रीत. शेवटी वर्गात बसल्या बसल्या तिची मान बाकावर टेकली, तेव्हा साक्षीनं तिला दंडाला धरून कॉलेजच्या दवाखान्यात नेलं.

ग्रंथालयामागच्या दोन खोल्यांवर 'विद्यार्थी आरोग्य केंद्र' अशी पाटी होती, पण मुलं त्याला 'गोळीघर' म्हणत. परीक्षा जवळ आली की आजारपणाच्या दाखल्यासाठी धडधाकट पोरांची तिथं रांग लागे. सोनम सिस्टर असल्यांना दारातूनच ओळखत आणि ग्लासभर पाणी पाजून वर्गात पिटाळत. खरा आजारी आला की मात्र त्यांचा आवाज मऊ होई. उत्कर्षाच्या कपाळाला हात लावताच त्यांनी तिला रांग सोडून आत घेतलं.

डॉक्टर राजेश्वरी मॅडमनी घाई न करता सगळं विचारलं. घरी काय करतात, हेही विचारलं.

"मेंढरं हायत आमची," उत्कर्षा म्हणाली. तापातही तिची हनुवटी वर झाली.

"छान. सुट्टीत तूही असतेस का त्यांच्यात? यंदा कळपात काही आजार? कोकरं दगावणं, मेंढ्यांचा गाभ पडणं?"

आवाज हलू न देता उत्कर्षा म्हणाली, "न्हाई. आमची मेंढरं ठणठणीत हायत."

हे धादांत खोटं होतं. दिवाळीच्या सुट्टीत ती घरच्यांबरोबर होती. घोड्यांवर बिऱ्हाड लादून कळप माणमधून कृष्णाकाठाकडे उतरत होता, आणि वाटेत एकामागून एक मेंढ्या गाभ टाकत होत्या. ते सगळं उत्कर्षानंच उघड्या हातांनी आवरलं होतं, मेंढ्यांना कुरवाळलं होतं. उजाडायच्या आत तात्याबा खड्डा करून पडलेले गाभ पुरून टाकत आणि वर काट्याची फांदी ओढत. मग मेंढरांभोवतीची जाळीची वाघर गुंडाळता गुंडाळता त्यांनी बायकोला आणि लेकीला बजावलं होतं, "ही गोष्ट वाघरीच्या भाईर जाता कामा न्हाई. झाकली मूठ सव्वा लाखाची."

त्याला कारणही होतं. रोगट मेंढरं खतासाठी आपल्या रानात कोण बसवून घेईल? मागं त्यांच्याच भावकीतल्या एकाच्या कळपाबद्दल नुसती कुजबूज उठली, तर गावोगावच्या शेतकऱ्यांनी त्याला शिवेवरूनच परत पाठवलं होतं. मेंढपाळाचं घर मेंढरांच्या नावावर चालतं, हे उत्कर्षाला बोलता यायच्या आधीपासून ठाऊक होतं.

मॅडमनी रक्त तपासायला दिलं. टायफॉइड नाही, मलेरिया नाही. गोळ्यांनी ताप गेला आणि आठवड्यानं परत आला. पुन्हा गोळ्या, पुन्हा तेच. जिना चढताना तिला मध्येच बसावं लागू लागलं. एक दिवस मॅडम पेन खाली ठेवून म्हणाल्या, "उत्कर्षा, तू काहीतरी राखून बोलतेस. इथलं बोलणं मी चावडीवर नेत नाही. पण तू सांगितलं नाहीस तर मी नुसतीच चाचपडत राहणार, आणि हा ताप तुझी हाडं धरेल."

उत्कर्षानं ताकास तूर लागू दिली नाही. उलट खोलीवर जाताना तिला स्वतःचा अभिमानच वाटला, बापाचा शब्द राखला म्हणून. आता या अभिमानाला काय म्हणावं! घाम काही त्यानं आटला नाही.

शनिवारी ती एसटीनं पलूसजवळ उतरली. लालासाहेब नावाच्या शेतकऱ्याच्या मोकळ्या रानात तात्याबांचा तळ पडला होता. दरवर्षी ऊस तुटून गेला की लालासाहेब आवर्जून त्यांचीच मेंढरं खतासाठी बसवून घेत. रविवारी सकाळी तिला दिसलं, बाभळीवर तात्याबांचा सदरा वाळत पडला होता, आणि त्यातून पाणी ठिबकत होतं.

"आई, पहाटेचंच धुणं काढलंस?"

"धुणं कशाचं! रातचा घाम येतो त्यास्नी," अंजनाबाई चुलीत फुंकर घालत म्हणाल्या. "पाठ बी धरलीया. एवढी चाल झाली, दुखायचंच की."

तिकडं तात्याबा एका लंगड्या कोकराला उचलायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. दांडगा एडका खांद्यावर टाकून ओढा ओलांडणारा हा माणूस. हाताएवढं कोकरू त्यांच्यानं उचलवलं नाही. त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि चप्पल नीट करायला वाकल्याचं सोंग केलं.

ते सोंग उत्कर्षानं ओळखलं, कारण कॉलेजच्या जिन्यावर ती स्वतः तेच करत होती. ती सरळ बापासमोर जाऊन उभी राहिली.

"आबा, तुमास्नी बी त्योच ताप हाय. मेंढरांकडनं आलाय. मी डॉक्टरला सांगणार हाय."

तात्याबांचा चेहरा काळवंडला. "सांग. आन् मग कुणाच्या रानात मेंढरं बसवायची, ते बी डॉक्टरलाच इचार."

"इचारीन. पर मेंढरं राखायला माणूस उरला पायजे का न्हाई?"

तात्याबांनी पाठ फिरवली. ती निघाली तेव्हा आईनं मात्र भाकरी बांधून दिली.

सोमवारी दवाखाना उघडायच्या आधीच ती दारात बसली होती. आत जाऊन तिनं सगळं सांगितलं: गाभ टाकणाऱ्या मेंढ्या, उघडे हात, कासेखालून प्यालेलं धारोष्ण दूध, आबांचा सदरा. सांगताना तिला रडू आलं. कळपाची बदनामी केल्यासारखं वाटत होतं. मॅडमनी तिला पाणी दिलं आणि त्या रोगाचं नाव सांगितलं, ब्रुसेलोसिस. मेंढ्यांकडून माणसाला होतो, औषधानं बरा होतो, मात्र काही आठवडे गोळी चुकवायची नाही. वेगळी रक्ततपासणी झाली. मॅडमचा अंदाज बरोबर निघाला.

"आता आबांना आण," मॅडम म्हणाल्या.

उत्कर्षानं फोनवर एवढंच सांगितलं, "आबा, रोग सापडला. मेंढरांचाच हाय."

दोन दिवसांनी गोळीघराच्या बाकावर, जीन्सवाल्या पोरांच्या रांगेत, लाल पटका बांधलेला आणि खांद्यावर घोंगडं टाकलेला माणूस येऊन बसला. पोरं सरकून बसली. सोनम सिस्टर बाहेर आल्या आणि सवयीनं म्हणाल्या, "बाबा, हे फक्त कॉलेजच्या मुलांसाठी आहे. ओळखपत्र आहे का?"

तात्याबा काठीवर जोर देऊन उठले. समोरून उत्कर्षा येत होती. तिच्याकडं बोट करून ते म्हणाले, "ही माझी लेक. दुसरं काय वळखपत्र आनू?"

सोनम सिस्टर हसल्या आणि त्यांनी पडदा बाजूला केला. मॅडमनी तात्याबांना तपासलं, सरकारी दवाखान्यासाठी चिठ्ठी दिली आणि पशुवैद्यकीय डॉक्टरांना फोन लावू का, असं विचारलं. तात्याबा लेकीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "लावा. आता तिनं तोंड उघडलंच हाय, तर समदंच हुंद्या."

पुढचे महिने सोपे गेले नाहीत. मेंढरांची रक्तं तपासली, बाधित मेंढ्या वेगळ्या काढल्या. एका व्यापाऱ्यानं त्या गुपचूप बाजारात खपवून देतो म्हटलं, तेव्हा तात्याबांनी त्याला काठी दाखवली. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं तसंच त्यांनी केलं, आणि अशी प्रत्येक मेंढी कळपातून कायमची नेताना तिच्या कपाळाला भंडारा लावला. अंजनाबाई दूध उकळल्याशिवाय कुणाला थेंब देईनात. बापलेक आपापल्या जागी गोळ्या घेत, आणि रोज फोनवर "घेतली का?" एवढंच बोलत. उन्हाळ्यात एकदा तात्याबांनी फोनवर दुसरंच काही सांगितलं, "आज एडका उचलला."

पुन्हा दिवाळी झाली, कळप पुन्हा कृष्णाकाठी उतरला. धडपणे चालणारी उत्कर्षा सुट्टीत बरोबर होती. लालासाहेब बांधावर येऊन थांबले आणि दरवर्षीसारखं विचारलं, "काय तात्याबा, मेंढरं ब्येस हायत न्हवं?"

दरवर्षी तात्याबा "देवाची किरपा" म्हणत आणि वाघर सोडायला लागत. यंदा त्यांनी पटका सारखा केला. आईनं उत्कर्षाचा हात घट्ट धरला.

"मालक, आता ब्येस हायत. गेल्या साली न्हवती. तुमच्याच रानात रोगट मेंढरं बसवली मी. आता समदी तपासून घेतल्याती. डॉक्टरचा कागुद हाय. तुमच्या मनात नसंल तर आमी म्होरं जातो."

लालासाहेबांच्या कपाळाला आठी पडली. "आन् गेल्या साली का न्हाई सांगितलंस?"

"भ्यालो," तात्याबा म्हणाले. मग मागं वळून त्यांनी लेकीला हात धरून पुढं आणलं. "ही भ्याली न्हाई. ही उत्कर्षा. माझी पोरगी. हिनं माझा शबूद मोडला, म्हनून मी आन् ही मेंढरं आज हितं हुबी हायत."

उत्कर्षाच्या डोळ्यांत पाणी आलं. बापाचा शब्द मोडल्याबद्दल बापच चारचौघांत छाती काढून सांगतोय, हे तिनं आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं.

लालासाहेबांनी कागद हातात घेतला, वाचला आणि घडी घालून परत दिला. कळपाकडं, तात्याबांकडं आणि मग त्या पोरीकडं बघितलं.

"वड्याच्या कडंला बसवा," ते म्हणाले. "तिथली माती लय हलकी पडलीया."

तात्याबांनी वाघर उलगडली. तिचं एक टोक लेकीच्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन ते ओढ्याकडं चालू लागले. चालता चालता वळून ओरडले, "वढ गं! ताठ पायजे!"