पाण्याची रेघ

बारकीने ओट्यावरची काचेची बरणी उचलली आणि खिडकीच्या उजेडात धरली. तळाशी भाताचे दाणे होते आणि प्रत्येकातून निघालेला पांढराफटक, दोऱ्याएवढा कोंब. कालच्यापेक्षा कोंब वाढले होते, यात शंका नव्हती. तरी पाण्याबाहेर यायला त्यांना अर्धं बोट कमी पडत होतं. कालही अर्धंच बोट कमी होतं. परवाही.

"घोडं कुठे पेंड खातंय, कळत नाही," ती पुटपुटली.

घरात धाकटी म्हणून बारकी. एरवी तिशी उलटलेली, बियाणं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला. तिथे छताची डागडुजी निघाली म्हणून तिथल्या मुख्य बाईंनी बरण्या घरी न्यायला सांगितल्या होत्या. पेरणीवर पाणी तुंबलं तरी उगवेल, असा हा नवा वाण. कोंब बाहेर आले तर लांबच्या केंद्रात त्याची मोठी चाचणी होणार होती आणि ती सांभाळायला बारकी जाणार होती. नाही आले, तर वाणही इथेच आणि बारकीही.

जायची संधी काही पहिल्यांदा आली नव्हती. आईवडलांमागे ताईनेच तिला वाढवलं होतं, स्वतःचं लग्न बाजूला सारून. बारकीचं वसतिगृहात जायचं ठरलं तेव्हा ताईला ताप भरला. परगावची नोकरी चालून आली तेव्हा कंबर धरली. मग गुडघा. दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं म्हणतात. ताईचं मात्र बारकीने नकार कळवला की टुणकन पळून जायचं. बारकीला हे समजत नव्हतं असं नाही. पण जिने तोंडात घास घातला तिला बोलायचं काय? तोंड दाबून बुक्क्यांचा मार. कधीकधी त्या दोन खोल्यांत तिला श्वास पुरायचा नाही, मग ती काही काम नसताना गच्चीवर जाऊन उभी राहायची.

तिने बरणी फिरवली. पाणी कुठवर ठेवायचं याची खूण म्हणून तिने नेलपॉलिशने लाल रेघ ओढली होती. ती रेघ भिंतीकडे वळलेली होती. ओटा पुसताना वळली असेल, असं समजून तिने इतके दिवस लक्ष दिलं नव्हतं. आता पाहिलं, तर पाणी रेघेच्या अर्धं बोट वर. शेजारच्या बरणीतही तेच. तिच्या पलीकडच्या बरणीतही.

तिने स्टूल ओढलं आणि वरच्या फळीवर, डब्यांमागे, जागा पुरली नाही म्हणून ठेवलेली शेवटची बरणी काढली. ताईला गुडघ्यापायी स्टुलावर चढवत नसे. त्या बरणीत पाणी बरोबर रेघेला टेकलेलं होतं, आणि त्यातून हिरवी पाती बाहेर आली होती.

ती खाली उतरली तेव्हा ताई दारात उभी होती. हातात पाण्याचं भांडं.

"ताई, बरण्यांत पाणी तू घालतेस?"

"घालते. आटत होतं. म्हटलं, बिचारे सुकतील."

"पाण्यातलं बी सुकतं का गं?"

"मला काय कळतंय त्यातलं? मी थोडीच शिकलेय."

बारकीला राग आला. इतका, की हातातली बरणी तिला खाली ठेवावी लागली. बोलली मात्र ती हळूच.

"पाण्याखाली भात आधी मूळ धरत नाही, ताई. जवळ असेल नसेल ती शिदोरी तो वर यायला घालवतो. हवा लागली की मग मूळ, मग पान. रोज पाणी चढवत राहिलं तर शिदोरी संपते. मग तिथेच कुजतो."

ताईने भांडं ठेवलं, डाव घेतला आणि स्टुलावर टेकली. पहिली बरणी तिने फिरवून रेघ आपल्याकडे केली. मग डावाने पाणी काढू लागली, कोंबांना धक्का न लावता. रेघेपाशी ती थांबली. मग दुसरी बरणी फिरवली.

रेघ कशासाठी आहे, हे बारकीने तिला कधीच सांगितलं नव्हतं.

"उशीर तर नाही ना झाला?" ताईने मान वर न करता विचारलं.

"काहींना झाला असेल."

"आणि बाकीचे?"

"बघू."

ओट्यावरच्या शेवटच्या बरणीतलं पाणी उतरलं तेव्हा दोन कोंबांची टोकं हवेत आली. दोघी त्यांच्याकडे बघत राहिल्या. ताईने उठायला म्हणून हात टेकला, अर्धवट उठली आणि पुन्हा बसली. आता गुडघ्याचं दुखणं निघणार, असं बारकीला वाटलं. तरी इतक्या वर्षांच्या सवयीने तिने विचारलंच.

"गुडघा कसा आहे?"

ताईने ओट्याची कड घट्ट धरली आणि ओठ मिटून उभी राहिली. कपाळावर घाम आला होता.

"आज नाही दुखत," ती म्हणाली आणि भिंतीला हात लावत लावत डाव धुवायला गेली.