खंडेनवमीचं सूत

"जरा खाली, अक्का. हां, तितंच."

इंद्रायणीने नख खाली सरकवलं आणि खाजवलं. खाजवलं ते हवेत. टेबलावर तिप्पण्णाचा उजवा हात पालथा पडला होता. अंगठ्याशेजारची दोन बोटं मुळापासून गेली होती आणि तिचं नख त्यांच्या मोकळ्या जागेवर फिरत होतं. तरी त्याच्या कपाळावरची आठी सैल झाली.

"कुणी बघितलं तर दोघांनाही वेड्यात काढतील," ती म्हणाली.

"काढू द्या की."

कामगार विम्याच्या त्या दवाखान्यात, ड्रेसिंगच्या खोलीत तिला सव्वीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत इतके हात तिच्यासमोरून गेले होते, की नवा माणूस भेटला की ती आधी बोटं मोजायची आणि मग तोंड बघायची. होणाऱ्या जावयाचीसुद्धा तिने गुपचूप मोजली होती. गेलेली बोटं काही दिवस ठणकतात, त्यांना मुंग्या येतात, हे तिला ठाऊक होतं. त्याची भीती वाटायचं वय सरलं होतं. तिप्पण्णाचं मात्र निराळं होतं. त्याची बोटं सूत धरून बसली होती.

"सोडा म्हणलं तरी सोडंनात. तिकडून कोण तर वढतंय बगा," असं तो पहिल्या दिवसापासून सांगत आला होता, तेही उकाड्याबद्दल बोलावं तितक्या साधेपणाने. वऱ्हांड्यातून येताना हात छातीशी उंच धरायचा आणि माणसांना लांबून वळसा घालायचा. मधून कुणी गेलं तर धागा तुटेल म्हणे. लोक आधी हसले. मग हळूहळू त्याला वाट सोडायला लागले.

बोटं गेली खंडेनवमीला. त्या दिवशी टॉवेलच्या कारखान्यात मागांची पूजा झाली, झेंडूच्या माळा चढल्या, पेढे वाटले. पूजेनंतर यंत्राला हात लावायचा नाही, ही रीत. पण ऑर्डर अडली होती. हजेरीबुकात कुणाचंच नाव न चढवता मॅनेजरने दोन माग हळूच चालू करायला लावले, अर्ध्या तासासाठी. तिप्पण्णाचा धागा तुटला म्हणून त्याने माग थांबवला आणि तो जोडायला वाकला. तेवढ्यात कुणीतरी माग सुरू केला. बोटं सापडलीच नाहीत. कुठल्या टॉवेलात गेली, कुणी शोधलं नाही.

आता कारखान्याचं म्हणणं असं, की त्या दिवशी सुट्टी होती, हजेरी कोरी आहे, बोटं घरी पंख्यात गेली. सोबतचे कामगार गप्प होते. त्यांनाही घरदार होतं. इजा कामावरची ठरली नाही, तर तिप्पण्णाला जन्मभराची पेन्शन नव्हती, आणि दोन बोटं कमी असलेल्या माणसाला मागावर कोण घेणार? त्याची चौकशी आज होती, इथेच, अकरा वाजता.

एक गोष्ट इंद्रायणी कुणाला बोलली नव्हती. त्या दिवशी पहिली पट्टी तिनेच बांधून त्याला मोठ्या इस्पितळात पाठवलं होतं. जखमेतून तिने झेंडूची पाकळी काढली होती. पण रजिस्टरात लिहिलं काय, तर सव्वीस वर्षं लिहीत आली तेच: जखम स्वच्छ केली. काय काढलं ते लिहायची तिला सवयच नव्हती. पाकळी बोळ्यांबरोबर बादलीत गेली.

चौकशीचे अधिकारी देवदत्त साहेब आले. मागोमाग कारखान्याचे कारकून वेणीमाधव, काखेत हजेरीबुक.

"आमचाच माणूस आहे, साहेब. दवापाणी झालंच पाहिजे," वेणीमाधव गोड आवाजात म्हणाले. "पण घरचा पंखा कारखान्याच्या माथी कसा मारायचा?"

इंद्रायणीने घसा खाकरला आणि पाकळीचं सांगून टाकलं.

वेणीमाधवांनी खोलीभर नजर फिरवली. "सिस्टर, खंडेनवमीला तुम्हीही कात्री-चिमटे पूजता ना? या ट्रेवर फूल नव्हतं?"

होतं. झेंडूचंच होतं. दरवर्षी असायचं. ती खोटं बोलू शकली असती.

"होतं," ती म्हणाली.

साहेबांनी मान खाली घातली आणि पेनाचं टोपण काढलं. काय लिहिणार ते खोलीतल्या बाकी तिघांनाही कळलं होतं.

"अक्का," तिप्पण्णा एकदम म्हणाला, "वढायला लागलंय."

जखमेच्या खपलीतून काहीतरी बारीक डोकावत होतं. मघाशी ते तिथे नव्हतं, हे ती शपथेवर सांगू शकली असती. राहिलेला कचरा अंग कधीकधी बाहेर टाकतं, असं स्वतःला बजावून तिने चिमटा घेतला. टोक धरलं. निळं सूत होतं.

बोटभर निघेल असं वाटलं होतं. वीतभर निघालं तरी संपेना. तिने ओढलं की आतून ताण यायचा. अडकल्याचा नव्हे, धरल्याचा. पंखा चालू होता तरी सूत हलत नव्हतं. वेणीमाधव दोन पावलं मागे सरकले.

"सोड, तिप्पण्णा," ती हलकेच म्हणाली.

त्याने डोळे मिटले. "सोडायलोय अक्का, थांबा."

आणि ताण गेला. सूत सरसर बाहेर आलं, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत भरेल एवढं. त्याच्या शेवटाला दोन टोकं एकमेकांत घातलेली होती, नुसती घातलेली.

"माजीच गाठ," तिप्पण्णा म्हणाला. "वढायची ऱ्हायली."

"घरच्या पंख्यात कुणी सूत जोडत नाही, साहेब," इंद्रायणी म्हणाली. आवाज तिचाच होता, पण तिला लांबून आल्यासारखा वाटला.

साहेबांनी वाकून ती गाठ जवळून बघितली. मग त्यांनी पाकीट मागितलं, सूत त्यात घातलं, आणि "कामावर असताना" हे शब्द मोठ्याने उच्चारत लिहिले. वेणीमाधवांनी हजेरीबुक उघडलंच नाही.

दोघं गेल्यावर तिने रजिस्टर ओढलं. जखम स्वच्छ केली, असं लिहून ती थांबली नाही. निळं सूत, हातभर, अर्धी गाठ, सगळं लिहिलं. मग सवयीने नख पुढे केलं.

"आता?"

तिप्पण्णाने त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

"आता काय न्हाय, अक्का. गेली."

"बरं झालं की."

"व्हय," तो म्हणाला. डाव्या हाताने त्याने टेबलाची ती मोकळी जागा एकदा पुसल्यासारखी केली आणि उठला.

इंद्रायणी दारापर्यंत आली. वऱ्हांड्यात गर्दी होती. लोकांनी सवयीने त्याला वाट करून दिली. पण तिप्पण्णाचा हात आज खाली लोंबत होता. ते बघून मधली वाट मिटली. येणाऱ्याजाणाऱ्यांचे धक्के त्या हाताला बसत होते आणि तो कुणाला काही म्हणत नव्हता.